यादी कोणाच्या खात्यात? : एका शाळेचं ग्रंथालय आणि मोबाइलमधली साधनं

गेल्या वर्षी परीक्षा संपता संपता बडोद्यातल्या एका जुन्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. शाळा मूळची मराठी माध्यमाची. आता मराठीचे वर्ग घटत घटत दोन-तीनच उरलेत, इंग्रजी माध्यमाचे वाढलेत आणि ग्रंथालयाची खोली दुसऱ्या कामासाठी हवी आहे. विश्वस्तांनी बाईंना सांगितलं होतं की सुट्टी संपेपर्यंत यादी द्या. काय ठेवायचं ते यादी बघून ठरवू, बाकीचं पस्तीत जाईल. (पस्ती म्हणजे रद्दी. आमच्या बडोद्याच्या मराठीत हा गुजराती शब्द इतका रुळलाय की कुणी ‘रद्दी’ म्हणालं तर तो माणूस पुण्याकडून आलाय असं समजतात.)

बाईंचा प्रश्न साधा होता. “साहेब, तुम्ही इंजिनिअर, शिवाय इतिहासवाले. साडेतीन हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत, मी एकटी आहे, हातात मोबाइल आणि शाळेचा एक जुना कॉम्प्युटर. कुठलं ॲप घेऊ?”

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी आणि मंडळातल्या तीन-चार जणांनी मिळून एकेक साधन वापरून पाहिलं. काही उपयोगी पडली, काही डोक्याला ताप झाली. बाईंनी त्यातली काही स्वतःच्या घरच्या कामासाठीही वापरली. हा लेख त्या अनुभवाचा हिशेब आहे. ज्यांच्या गावात, गल्लीत, शाळेत मराठी पुस्तकांची अशी कपाटं अजून शिल्लक आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा.

हाच प्रश्न, शंभर वर्षांपूर्वी

साधनांकडे वळण्याआधी थोडा इतिहास, कारण ‘पुस्तकं पुष्कळ, माणसं थोडी, लोकांपर्यंत पोचवायचं कसं’ हा प्रश्न याच शहरात एकदा फार गांभीर्यानं सोडवला गेला आहे.

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. वाचायला शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळालं नाही तर तो शिकलेलं विसरतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावून घेतलं. बोर्डेन १९१३ पर्यंत इथे होते. तीनच वर्षं, पण तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाला आणि खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालयं सुरू झाली. गावात ग्रंथालय काढायचं तर एक तृतीयांश पैसे गावानं उभे करायचे, एक तृतीयांश प्रांत पंचायतीनं द्यायचे आणि एक तृतीयांश सरकारनं, अशी योजना होती. १९१२ साली ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक निघालं, त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग असत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही गेलात तर लोखंडी कपाटं आणि खालच्या मजल्यावर उजेड झिरपावा म्हणून घातलेली काचेची जमीन बघायला मिळते.

या इतिहासात आपल्या कामाचा एक धडा आहे. बोर्डेननी बडोद्यासाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धत बसवली. ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकन पद्धतींचं ते मिश्रण होतं. पद्धत विचारपूर्वक केलेली होती, पण बडोद्याबाहेर ती रुजली नाही. ड्यूईची पद्धत मात्र १८७६ पासून आजपर्यंत चालू आहे, कारण ती हजारो ठिकाणी वापरात आहे आणि कुठलाही ग्रंथपाल ती दुसरीकडे घेऊन जाऊ शकतो. आजही ड्यूईचा ८९१.४६ हा आकडा दिसला की जगातल्या कुठल्याही ग्रंथपालाला कळतं की हे मराठी साहित्य आहे, आणि ८९१.४७ म्हणजे गुजराती. शेजारी शेजारी, आमच्या पोळांसारखे!

थोडक्यात, साधन कितीही हुशारीनं बनवलेलं असो, ते एका जागेपुरतं असेल तर जागेबरोबर संपतं. ॲप निवडताना हेच डोक्यात ठेवायचं.

आधी नोंदवही, मग ॲप

मी तीस वर्षं कारखान्यात काढली. तिथे प्रत्येक व्हॉल्व्हला टॅग नंबर असतो आणि स्टोअरमधल्या प्रत्येक खणाला बिन कार्ड. मशीन बदललं, कंपनीचं नाव बदललं, तरी टॅग नंबर बदलत नाही. ग्रंथालयात हे काम दाखल नोंदवही करते, म्हणजे ज्याला शाळेत सगळे ॲक्सेशन रजिस्टर म्हणतात. पुस्तक आलं की त्याला पुढचा क्रमांक मिळतो, तो पुस्तकावर शिक्क्यासह लिहितात, आणि पुस्तक हरवलं तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत.

बाईंच्या शाळेत अशा चार नोंदवह्या होत्या. सगळ्यात जुनी कापडी पुठ्ठ्याची, बोरूनं लिहिल्यासारखं वळणदार अक्षर. बाई म्हणाल्या, “हे कशाला टाइप करायचं? पुस्तकं समोर आहेत, त्यांचीच यादी करू.” मीही आधी तसंच म्हणालो असतो. पण नोंदवहीत एक रकाना होता: ‘कोणाकडून’. त्यात दुकानांची नावं होती, सरकारी अनुदान होतं, आणि पानामागून पान ‘भेट’, ‘अमक्यांच्या स्मरणार्थ’, ‘तमक्या वाड्यातून’. बंद पडलेल्या दोन वाचनालयांची पुस्तकं एकगठ्ठा आल्याची नोंदही होती. कोणत्या घरात काय वाचत होते, कुणी मुलगा गेल्यावर त्याची पुस्तकं शाळेला दिली, कुठलं वाचनालय कधी मोडलं, हे बडोद्याच्या मराठी समाजाबद्दल दुसऱ्या कुठल्या कागदात सापडणार? पुस्तक एखादे वेळी दुसरीकडे मिळेल. हा रकाना दुसरीकडे मिळणार नाही.

म्हणून पहिलं काम ठरलं: चारही नोंदवह्यांच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. मोबाइलमध्ये कागद स्कॅन करायची सोय असतेच, ती पानाच्या कडा सरळ करते आणि सगळी पानं एका पीडीएफमध्ये बांधते. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. दोन दुपारींत काम झालं. यादी झालीच नसती तरी एवढं तरी वाचलं असतं.

तीन पर्याय, आणि आम्ही काय घेतलं

पहिला पर्याय पूर्ण ग्रंथालय-प्रणालीचा. ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी १९९९ साली बनायला लागली आणि आज जगभर वापरली जाते. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आहे. दोन्ही चांगल्या. पण त्या बसवायला आणि सांभाळायला कुणीतरी जाणकार कायम लागतो. महाविद्यालयाला हे जमतं. जिथे खोलीच राहील की नाही हे माहीत नाही, तिथे हा घाट घालण्यात अर्थ नव्हता.

दुसरा पर्याय ‘लायब्ररीथिंग’सारख्या संकेतस्थळांचा. पुस्तकाचा आयएसबीएन टाका, बाकीची माहिती आपोआप येते. बाईंना हे फार आवडलं. पण आयएसबीएन ही व्यवस्थाच १९७० च्या आसपासची, आपल्याकडे रुजायला त्याहून उशीर. ज्या पुस्तकांवर ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा आकडा असतो ती अलीकडची. बाईंच्या कपाटातल्या निम्म्याहून जास्त पुस्तकांवर आयएसबीएन नव्हताच. घरच्या संग्रहासाठी मात्र त्यांनी ते ठेवलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरा पर्याय साधी स्प्रेडशीट. आम्ही तीच घेतली. कारण एकच: तिच्यातून यादी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढता येते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविराम देऊन लिहिलेले रकाने, बस. कुठलाही कॉम्प्युटर ती वाचतो, आणि उद्या कुणी कोहा बसवलं तर तीच यादी, रकाने जुळवून घेतले की, त्यात ओतता येते. कुठलंही साधन घेण्याआधी विक्रेत्याला किंवा ॲपला पहिला प्रश्न हाच विचारावा: आत टाकलेलं सगळं बाहेर काढता येतं का?

हे मी अनुभवावरून सांगतोय. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका संस्थेची पुस्तकयादी आम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. काम जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झालं होतं. त्या फॉन्टचा प्रकार असा की फाइलमध्ये साठवली जातात ती इंग्रजी अक्षरं आणि खुणा, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट गेला की चेहरा गेला. काही वर्षांनी फाइल उघडली तर सगळी गचडी! रूपांतराच्या साधनांनी थोडं सुधारलं, पण जोडाक्षरं आणि रफार हातानंच दुरुस्त करावे लागले. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ही वेळ येत नाही. आज मोबाइलवर आपण जे मराठी टाइप करतो ते युनिकोडच असतं. पण टायपिंगवाल्याला काम द्याल तर आधी बजावून सांगा.

देवनागरीतले खड्डे

स्प्रेडशीट साधी असली तरी मराठीत काम करताना काही खड्डे लागतात. आम्ही प्रत्येकात एकदा तरी पडलो.

एक, दाखल क्रमांक. जुन्या नोंदवहीत ‘१२/३’ असे क्रमांक होते. इंग्रजी आकड्यांत ते टाकले की स्प्रेडशीट त्यांची परस्पर तारीख करते. म्हणून तो रकाना सुरुवातीलाच ‘साधा मजकूर’ करून ठेवायचा.

दोन, दिसायला एकच पण आत वेगळं. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो, ‘ॲ’ही दोन प्रकारे होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोध घेताना एक सापडतो, दुसरा नाही. उपाय असा की यादी टाइप करणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा.

तीन, वर्णक्रम. मराठीत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच मागे बसतो आणि क्ष हा क च्या कुळात. साध्या कोडक्रमानं यादी लावली तर ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी येतात आणि ‘क्षीरसागर’ हे ‘खरे’ यांच्या आधी. यात चूक काही नाही, पण छापील यादीत वाचणारा गोंधळतो.

चार, सन. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतो, बडोद्यात छापलेल्या गुजराती पुस्तकांवर विक्रम संवत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ७९), संवतातून ५७ किंवा ५६ वजा करायचे. आम्ही दोन रकाने केले: पहिल्यात पुस्तकावर आहे तसं, दुसऱ्यात इसवी सन. मूळ छापलेलं कधीही बदलायचं नाही.

पाच, सीएसव्ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की कधी कधी मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. घाबरून फाइल पुसू नका. ती थेट न उघडता ‘इम्पोर्ट’ करून ‘युटीएफ-८’ हा पर्याय निवडला की अक्षरं परत येतात.

पुस्तक ओळखायचं कसं

बाईंच्या कपाटात मुखपृष्ठ गेलेली, पहिली सोळा पानं गळालेली बरीच पुस्तकं होती. इथे ‘गुगल लेन्स’ कामाला आलं. मधल्या एखाद्या पानाचा फोटो घेतला की छापील देवनागरी मजकूर ते बऱ्यापैकी वाचतं. त्यातलं एखादं वेगळं वाक्य किंवा प्रकरणाचं नाव घेऊन शोध घ्यायचा. जुन्या शिळाप्रेसच्या छपाईपुढे मात्र ते हात टेकतं.

शोधायचं कुठे? ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन भरपूर आहेत. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पातून स्कॅन झालेल्या पुस्तकांपैकी पुष्कळ तिथे आली आहेत. अडचण अशी की त्यांची नावं बहुधा रोमन लिपीत, ज्यानं जशी वाचली तशी लिहिलेली आहेत. देवनागरीत शोधलं तर काहीच येत नाही आणि आपल्याला वाटतं पुस्तक नाहीच. म्हणून रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगं करून पाहायची. शहराच्या नावाचंही तसंच: बडोदा, बडोदे, बडोदें, वडोदरा, आणि इंग्रजी कागदांत बारोडा. पाचही करून पाहा.

त्यातलं ‘बडोदें’ जरा समजून घ्या. शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या छपाईत न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास असत. ‘पुस्तकें’, ‘घराणें’, ‘त्यांनीं’. आपण आजच्या पद्धतीनं शोधलं तर जुना मजकूर निसटतो. अनुस्वार देऊन एकदा आणि न देता एकदा, असे दोन शोध घ्यायची सवय लावून घ्यावी.

याखेरीज ‘राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय’, ‘मराठी विकिस्रोत’ आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची फुकट उतरवून घेता येणारी पुस्तकं आहेत. संदर्भासाठी ‘मराठी विश्वकोश’ पूर्ण वाचता येतो. मुलांसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ आहे. त्यावरच्या मराठी गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, म्हणजे छापून वर्गात वाटता येतात. बाईंनी उरलेल्या मराठी वर्गांसाठी त्यातल्या काही छापून आणल्या आणि मुलांनी त्या फाडेपर्यंत वाचल्या.

स्वतः स्कॅन करून एखादं पुस्तक लोकांसाठी ठेवायचं असेल तर हक्काचा विचार करायला हवा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतो. पुस्तक जुनं दिसतं म्हणून ते मुक्त होत नाही. १९३० साली लिहिणारा लेखक १९८० मध्ये वारला असेल तर २०४० संपेपर्यंत थांबायचं.

एक इशारा. बाईंनी प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या एका नव्या साधनाला विचारलं की ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि ‘सयाजी बालज्ञानमाला’ यांत कोणती पुस्तकं निघाली. या दोन्ही माला बडोदे राज्यानं काढलेल्या, मराठी-गुजराती दोन्ही भाषांत. साधनानं क्षणात छान यादी दिली. नावं, लेखक, सन, सगळं. त्यातली अर्धी नावं आम्हाला कुठल्याही कपाटात, कुठल्याही सूचीत सापडली नाहीत. त्यानं ती रचली होती, आणि अगदी बडोद्याला शोभतील अशी रचली होती! तेव्हापासून नियम केला: यादीत जाईल ते फक्त पुस्तकाच्या शीर्षकपानावरून किंवा नोंदवहीतून. बाकी सगळं ‘शेरा’ रकान्यात, प्रश्नचिन्हासह.

घरचं काम

यादीचं काम संध्याकाळी संपलं की बाई त्याच मोबाइलवर स्वतःचं काम काढायच्या. त्यांच्याकडे आजीची हिशेबाची वही आहे आणि एका ट्रंकेत आजोबांची पत्रं. वहीत ‘चवली’ शब्द वारंवार येत होता. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दोन्ही शोधता येतात. तिथे त्यांना चवली म्हणजे दोन आणे हे मिळालं आणि आजीचा हिशेब एकदम जुळला. “आजी महिन्याला वाचनालयाची वर्गणी चवली भरत होती,” त्यांनी मला फोन करून सांगितलं. “आणि मी आयुष्यभर समजत होते की तिला वाचताच येत नव्हतं.”

पत्रं मोडीत होती. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, फॉन्टही आहेत, त्यामुळे मोडी आता टाइप करता येते. वाचायला मात्र अजून माणूसच लागतो. बाईंनी फोटो मंडळातल्या एका मोडी-जाणकारांना पाठवले. ते महिन्याला दोन पत्रं या गतीनं वाचून देताहेत. घाई नाही.

घरच्या पुस्तकांसाठी त्यांनी लायब्ररीथिंगवर खातं काढलं, कारण तिथे कुणी काय वाचलं, कुणाला पुस्तक दिलं हे लिहिता येतं. शाळेत त्यांनी तेच करायचं म्हटलं, तेव्हा मी थांबवलं. मुलांची नावं, इयत्ता, कुणी काय वाचलं, हे परक्या संकेतस्थळावर टाकायचं नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहेच, पण कायदा नसता तरी दहावीतल्या मुलीनं कुठलं पुस्तक नेलं हे सगळ्या जगाला कशाला कळायला हवं? देवघेवीची वही कागदाचीच राहिली.

खातं कोणाचं?

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तो आम्हाला अगदी शेवटी कळला, आधी कळायला हवा होता.

यादी जवळपास पूर्ण झाली तेव्हा मी सहज विचारलं, “बाई, ही फाइल कुठे आहे?” त्या म्हणाल्या, “माझ्या ईमेलमध्येच की.” म्हणजे ज्या खात्यात त्यांचे बँकेचे निरोप, नातवाचे फोटो, आजीची वही, त्याच खात्यात शाळेची सगळी दाखल नोंद. बाई दोन वर्षांनी निवृत्त होणार. खातं बंद पडलं, परवलीचा शब्द विसरला, मोबाइल हरवला, की यादी गेली. वाईट हेतू कुणाचाच नाही. साधनं इतकी सोपी झालीत की कामाचं आणि घरचं यांतली भिंत कधी गळून पडते ते समजतही नाही.

कापडी पुठ्ठ्याच्या नोंदवहीला हा धोका नव्हता. ती कुणा ग्रंथपालाची नव्हती, शाळेची होती. लिहिणारे हात बदलले, बडोदे राज्य १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, पण वही त्याच कपाटात राहिली. नव्या माणसानं किल्ली घेतली आणि पुढचा क्रमांक लिहिला.

मग आम्ही हे केलं. शाळेच्या नावानं वेगळं खातं उघडलं, त्याचा परवलीचा शब्द लखोट्यात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला. फाइल त्या खात्यात हलवली आणि बाईंना तिथे काम करण्याची परवानगी दिली. दर तीन महिन्यांनी सीएसव्ही काढून एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मंडळाकडे. आणि पूर्ण यादी कागदावर छापून, बांधून, चार जुन्या नोंदवह्यांच्या शेजारी पाचवी म्हणून ठेवली. बाईंनी तिच्या पहिल्या पानावर हातानं लिहिलं: कोणी केली, कधी केली, कोणत्या खात्यात आहे.

पुढे काय झालं

सगळं वाचलं असं सांगता येत नाही. खोली गेली. पाठ्यपुस्तकांच्या जुन्या प्रती, दुबार झालेल्या कादंबऱ्या, वाळवी लागलेले गठ्ठे पस्तीत गेले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच जायलाच हवे होते. पण यादी हातात असल्यामुळे विश्वस्तांसमोर ‘मराठी पुस्तकं, चार कपाटं’ असा मोघम विषय राहिला नाही. ‘कोणाकडून’ हा रकाना वाचताना एका विश्वस्तांना स्वतःच्या आजोबांचं नाव दिसलं. ते काही बोलले नाहीत. पुढचं पान उलटायला त्यांनी बराच वेळ घेतला. दोन कपाटं शाळेत राहिली. बडोदे राज्याच्या काळातली आणि भेट म्हणून आलेली पुस्तकं वेगळी काढून ठेवली आहेत, त्यांची जागा अजून ठरायची आहे.

तुमच्या ओळखीत अशी शाळा किंवा बंद पडत आलेलं वाचनालय असेल, मग ते बडोद्यात असो, इंदूर-ग्वाल्हेरला असो की बेळगावात, तर कपाट उघडण्याआधी नोंदवही मागा. ती पहिल्यांदा फोटोत घ्या. मग साधन कुठलंही घ्या, पण आधी दोन प्रश्न विचारा: यातून सगळं बाहेर काढता येतं का, आणि हे कोणाच्या खात्यात आहे? आमच्या बाई हल्ली शाळेत कुणी नवं ॲप दाखवलं की हेच दोन प्रश्न विचारतात. तरुण शिक्षक हसतात, पण उत्तर शोधून आणतात.